सवयीचे बहिरेपण

गेल्या चातुर्मासात कीर्तन उरकल्यावर एक वृद्ध माळकरी आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "महाराज, चाळीस वर्षं हरिपाठ म्हणतो. पूर्वी डोळ्यांत पाणी यायचं. आता तोंड म्हणतं आणि मन कुठंच नसतं. माझी भक्ती आटली काय?" त्यांना तेव्हा धड उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर तोच प्रश्न आमचाही होता.

पुढे एकदा सायंकाळी हरिपाठाला बसलो असता एका पोराने चरण चुकवला. वीसेक माणसे डुलत होती. कोणाचे चित्त गोठ्यात, कोणाचे उसाच्या बिलात, आमचे रात्रीच्या कीर्तनात. पण चूक होताच साऱ्यांच्या माना वर! मग आम्ही ऐकत नव्हतो असे कसे म्हणावे? कान जागाच होता; ओळखीचे ते वर पाठवीत नव्हता, इतकेच.

एरिक कँडेल ह्या शास्त्रज्ञाने समुद्रातल्या एका गोगलगाईवर हेच पाहिले. तिच्या श्वासनळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. दहा वेळा तसेच केले की ओढणे मंदावते. स्पर्शाची खबर आणणारी मज्जापेशी पुढच्या पेशीकडे रस कमी सोडू लागते. कातडी बधिर होत नाही, कारण शेपटीला झटका दिला की तो कल्ला पुन्हा झटकन आत जातो. थकवा आणि सवय ह्यांत भेद तो हाच. असे दहा-दहा स्पर्श चार दिवस दिले तर ती सवय तीन आठवडे टिकते. कँडेल यांना सन २००० चे नोबेल मिळाले. बिचाऱ्या गोगलगाईची भक्ती आटली, असे काही कोणी म्हटले नाही!

हल्ली ह्यावर उपाय म्हणून कर्ण्याचा आवाज वाढवतात. त्याचीही सवय होते; वर कान बिघडतो तो निराळाच. त्यापेक्षा चाल बदलावी, एखाद्या चरणाशी थांबून अर्थ विचारावा. वारीच्या वाटेवर तोच हरिपाठ नवा का वाटतो, हे पायी चाललेल्यांना सांगायला नको.

त्या माळकऱ्यांना आम्ही ही हकीकत कळवली आहे. चुकलेल्या पोराला मात्र कोणी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी चरण धरायला त्यालाच पुढे बसवले.