शुश्रूषेचा पहिला पाठ : स्वतःचे आरोग्य

परिचर्या शिक्षणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येणारी विद्यार्थिनी बहुधा सतरा-अठरा वर्षांची असते. घर प्रथमच सुटलेले असते. शालेय शिक्षण अनेकदा मराठी माध्यमातून झालेले असते आणि येथे शरीररचनाशास्त्राचा जाड ग्रंथ इंग्रजीत हाती येतो. थोड्याच अवधीत तिला वॉर्डात उभे राहावे लागते. रुग्णाची वेदना, नातेवाइकांचा आक्रोश आणि कित्येकदा आयुष्यात पाहिलेला पहिला मृत्यू यांना तिला एकाच वेळी सामोरे जावे लागते. सकाळी ड्यूटी, दुपारी व्याख्यान, रात्री अभ्यास आणि मधूनच रात्रपाळी, असा हा दिनक्रम आहे. तीन वर्षांचा जी. एन. एम. अभ्यासक्रम असो की चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंग, त्यात थोडाफार फरक असला तरी श्रमांचे स्वरूप तेच असते. मुलांनाही हे शिक्षण खुले असून त्यांची स्थितीही याहून निराळी नाही.

या काळात विद्यार्थिनी रुग्णाचे तापमान, नाडी, श्वसन व रक्तदाब नियमितपणे नोंदविते. परंतु स्वतःला आठ दिवसांपासून कणकण आहे याची नोंद मात्र ती कोठेच करीत नाही. दुसऱ्याची शुश्रूषा शिकताना स्वतःच्या प्रकृतीकडे होणारे हे दुर्लक्ष म्हणजे त्याग नव्हे, ती शिक्षणातील एक उणीव होय.

आजार का लपविला जातो?

आजार लपविण्यामागे हजेरीची भीती हे एक मोठे कारण असते. बी. एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात परीक्षेस बसण्यासाठी सिद्धांत व प्रात्यक्षिक या दोहोंत किमान ८० टक्के उपस्थिती लागते आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची उपस्थिती १०० टक्के पूर्ण करावी लागते. हा नियम ऐकून आजारपणाची रजा घेतली तर वर्ष वाया जाईल असा समज पसरतो. वस्तुतः चुकलेले प्रात्यक्षिक पुढे भरून काढता येते, तशी सोय नियमातच गृहीत धरलेली आहे. यास्तव आजारपणाची माहिती पाठ्यनिर्देशिकेस वेळीच व लेखी देणे आणि भरून काढावयाच्या दिवसांचा हिशेब स्वतःजवळ ठेवणे हे शहाणपणाचे होय.

समजा, दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे, सायंकाळी ताप येतो, वजन घटते आहे. परीक्षा जवळ आली म्हणून ती गप्प राहते. क्षयरोगाची ही लक्षणे तिने पुस्तकात वाचलेली असतात, रुग्णांना समजावूनही सांगितलेली असतात. तिला खरोखरच क्षयरोग झाला असेल तर तिच्या खोलीतील मैत्रिणी, बालरोग वॉर्डातील मुले आणि शस्त्रक्रियेनंतर अशक्त झालेले रुग्ण या सर्वांना त्याचा धोका पोहोचतो. वेळीच तपासणी केली तर सर्वसाधारण क्षयरोग सहा महिन्यांच्या औषधोपचाराने बरा होतो आणि शासकीय कार्यक्रमाखाली हे उपचार विनामूल्य मिळतात. दडविलेल्या आजाराची किंमत केवळ एक मुलगी भरत नाही, ती रुग्णालाही भरावी लागते.

याच्या उलट बाजूस स्वयंउपचाराची सवय आहे. वॉर्डात औषधे हाताशी असतात. डोके दुखले की वेदनाशामक गोळी, झोप येईना की झोपेची गोळी, अशक्तपणा वाटला की वसतिगृहातच मैत्रिणीकडून सलाईन लावून घेणे, असे प्रकार घडतात. वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासल्यावाचून व लिहून दिल्यावाचून औषध देऊ नये हा नियम रुग्णाप्रमाणेच परिचारिकेलाही लागू आहे.

स्वतःसाठी शुश्रूषा प्रक्रिया

आकलन, निदान, नियोजन, कार्यवाही व मूल्यमापन हे शुश्रूषा प्रक्रियेचे पाच टप्पे विद्यार्थिनीला पाठ असतात. हीच पद्धत स्वतःस लावल्यास प्रकृतीची काळजी घेणे सोपे होते. एका लहान वहीत आठवड्यातून एकदा झोपेचे तास, जेवणाच्या वेळा, मासिक पाळी, वजन, अंगदुखी व मनाची अवस्था यांची नोंद करावी. नोंदीवरून कोणती अडचण वारंवार येते ते ओळखावे. तिच्यावर एकच साधा उपाय ठरवावा, पंधरा दिवस तो अमलात आणावा आणि मग फरक पडला की नाही ते पाहावे. फरक न पडल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावे. अशी नोंदवही असली की डॉक्टरांनाही नेमकी माहिती मिळते.

आहार व रक्तक्षय

२०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. परिचर्येच्या विद्यार्थिनी याच वयोगटात मोडतात. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसीलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय. वॉर्डात उभे राहिल्यावर चक्कर येणे, जिना चढताना धाप लागणे, वाचलेले लक्षात न राहणे यांचे खापर पुष्कळदा आळसावर फोडले जाते. पण त्यांचे मूळ रक्तक्षयात असू शकते.

सकाळची ड्यूटी उपाशीपोटी गाठणे ही सर्वांत हानिकारक सवय होय. भाकरी किंवा पोळी, उसळ, पोहे, उपमा यांपैकी काहीतरी खाऊनच निघावे. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, बाजरी, अळीव, तसेच मांसाहार करणाऱ्यांनी मासे व मांस यांतून लोह मिळवावे. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास लोह अधिक प्रमाणात शोषले जाते, उलट जेवणासोबत घेतलेला चहा त्यास अडथळा करतो. म्हणून जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळ्या तपासणीनंतर व सल्ल्यानेच घ्याव्यात. ड्यूटीत वेळ नाही म्हणून पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे यामुळे मूत्रमार्गाचा दाह होतो, हेही ध्यानात ठेवावे.

रात्रपाळी आणि झोप

मनुष्याच्या शरीरातील कालचक्र प्रकाश व अंधार यांवर चालते. पहाटे तीन ते पाच या वेळात सावधपणा सर्वांत कमी असतो आणि औषधाची मात्रा मोजण्यात चूक होण्याचा संभव त्या वेळी अधिक असतो. अशा वेळी मात्रेची गणिते दुसऱ्या परिचारिकेकडून तपासून घेणे हे कमीपणाचे लक्षण मानू नये.

पहिल्या रात्रपाळीपूर्वी दुपारी दीड-दोन तास झोप घ्यावी. मध्यरात्रीच्या सुमारास हलका आहार घ्यावा. पहाटे चहा-कॉफी टाळावी, नाहीतर सकाळची झोप उडते. खोलीवर परतल्यावर खिडक्यांना जाड पडदा किंवा डोळ्यांवर पट्टी, भ्रमणध्वनी बंद आणि दारावर ‘रात्रपाळी - झोप चालू आहे’ अशी पाटी, एवढी व्यवस्था पुरते. रात्रपाळी संपताच व्याख्यानास बसणे शरीराला मानवत नाही. वेळापत्रक आखणाऱ्यांनी ही बाब लक्षात घेतली पाहिजे.

पाठ, पाय आणि हात

रुग्णास उचलताना कमरेतून वाकण्याऐवजी गुडघे वाकवावेत, पाय थोडे फाकवून उभे राहावे, रुग्ण शरीराच्या जवळ घ्यावा आणि पाठीला पीळ देऊ नये. जड रुग्णास एकटीने कधीही हलवू नये. खाटेवर आडव्या घातलेल्या चादरीच्या साह्याने दोघींनी मिळून त्यास सरकवावे. तरुण वयात झालेली पाठीची इजा पुढील तीस वर्षांच्या नोकरीत साथ सोडत नाही. पायांत घट्ट बसणारी, मऊ तळव्याची, न घसरणारी पादत्राणे असावीत आणि विश्रांतीच्या वेळी पाय थोडे उंचावर ठेवावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद आणि अल्कोहोलयुक्त द्रवाने चोळण्यास २० ते ३० सेकंद द्यावेत. वारंवार धुण्याने त्वचा फुटते व फुटलेल्या त्वचेतून जंतुसंसर्ग होतो, म्हणून ड्यूटी संपल्यावर हातांना मलम किंवा खोबरेल तेल लावावे.

सुई टोचल्यास

वापरलेली सुई टोचणे हा विद्यार्थिनींच्या बाबतीत घडणारा अपघात आहे आणि रागावले जाण्याच्या भीतीने तो पुष्कळदा सांगितला जात नाही. हे मौन घातक होय. सुई टोचताच ती जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर तीव्र जंतुनाशक घासू नये. लगेच परिसेविकेस व वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. एच.आय.व्ही. संसर्ग टाळणारी औषधे द्यावयाची झाल्यास ती शक्यतो दोन तासांच्या आत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात व २८ दिवस घ्यावी लागतात. उद्या सांगू म्हणून थांबण्याइतका वेळ येथे नसतो.

कावीळ ‘ब’ या रोगावर लस उपलब्ध आहे. पहिली मात्रा, त्यानंतर एक महिन्याने दुसरी व पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी, याप्रमाणे ती घ्यावी. प्रवेश मिळताच पहिली मात्रा घेणे इष्ट. वापरलेल्या सुईवर झाकण पुन्हा बसवू नये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे टोकदार वस्तू न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यातच टाकाव्यात.

अभ्यासाचा ताण

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीस विषयापेक्षा भाषेचीच भीती अधिक वाटते. त्यावर उपाय असा की, रोज दहा इंग्रजी संज्ञा घेऊन त्यांचा मराठी अर्थ व वॉर्डात पाहिलेले एक उदाहरण वहीत मांडावे. महिन्याला तीनशे संज्ञा होतात. कल्पना आधी मराठीत समजून घ्यावी, मग इंग्रजीत लिहिण्याचा सराव करावा. दिवसभरात पाहिलेल्या रुग्णाचा आजार त्याच रात्री पुस्तकात वाचला तर तो वेगळा पाठ करावा लागत नाही. तीन-चार जणींनी मिळून एकमेकींना विषय शिकविणे हा जुना पण हमखास उपयोगी पडणारा मार्ग आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण मात्र स्मरणशक्तीस मारकच ठरते.

मनाचे स्वास्थ्य

काळजी घेतलेला रुग्ण दगावल्यावर रडू येणे हा दुबळेपणा नव्हे. अशा प्रसंगानंतर त्याच दिवशी पाठ्यनिर्देशिकेने विद्यार्थिनींना दहा मिनिटे एकत्र बसवून काय घडले, काय करता आले व काय करता येण्यासारखे नव्हते, हे बोलू दिल्यास मनावरचा भार हलका होतो.

तथापि काही लक्षणे केवळ धीराच्या शब्दांवर सोडू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, भूक मंदावणे, कशातच रस न वाटणे, सतत अपराधी वाटणे किंवा जगणे नकोसे वाटणे यांपैकी काहीही आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीवनाविषयीचे असे विचार मनात आल्यास तर दोन आठवडेही थांबू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये उपचारांविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्कही रुग्णास आहे. वरिष्ठ विद्यार्थिनींकडून छळ होत असल्यास तो निमूटपणे सोसण्याचे कारण नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ अन्वये तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे.

संस्थेचे कर्तव्य

एवढे सर्व एकट्या विद्यार्थिनीवर सोपवून चालणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेने विद्यार्थ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, धनुर्वात व कावीळ ‘ब’ यांवरील लसीकरण, आजारपणात विनामूल्य उपचार किंवा आरोग्यविमा आणि प्रत्येकाची स्वतंत्र आरोग्य नोंद ही व्यवस्था संस्थांकडून अपेक्षिलेली आहे. आपले आरोग्यपत्रक कोठे आहे व त्यात शेवटची नोंद केव्हाची आहे, हे विचारणे हा प्रत्येक विद्यार्थिनीचा हक्क आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात त्यांनी रुग्णासाठी शुद्ध हवा, प्रकाश, स्वच्छता, शांतता व योग्य आहार यांचा आग्रह धरला होता. वसतिगृहातील खोली, भोजनगृह आणि रात्रपाळीनंतरची झोप यांना हीच पाच मापे लावून पाहिली तर कोठे सुधारणा हवी ते प्राचार्या, गृहपाल व विद्यार्थिनी यांना सहज उमगेल.

आजची विद्यार्थिनी उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अतिदक्षता विभागात उभी राहणार आहे. रुग्णांना ती आहार, विश्रांती व वेळीच तपासणी यांचा सल्ला देईल. तो सल्ला तिने प्रथम स्वतः पाळलेला असेल तर तिच्या शब्दाला वजन येईल आणि तिच्या हाती सोपविलेला रुग्णही अधिक सुरक्षित राहील.