हत्तींचा अभ्यासक, वकील आणि अर्थतज्ज्ञ

"पर्यावरणात करिअर म्हणजे नक्की काय? झाडं लावायची?" बारावीतल्या एका मुलीच्या वडिलांनी मला विचारलं. प्रश्नात चेष्टा नव्हती, काळजी होती. मुलीला अर्थशास्त्र आवडतं आणि सह्याद्रीत भटकायलाही. "दोन्हींतलं एक काय ते ठरव," असं घरचे म्हणत होते. मी त्यांना पश्चिम घाट समितीची हकीकत सांगितली.

केंद्र सरकारने 2010 मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली. सहा राज्यांत पसरलेल्या घाटात खाणी, धरणं, कारखाने कुठे चालतील आणि कुठे नाहीत, याचा सल्ला तिने द्यायचा होता. एका विषयाच्या माणसाला हे पेलणारं नव्हतं. म्हणून समितीत हत्तींवर आयुष्य घालवलेले रमण सुकुमार होते, निलगिरीतले वकील बी. जे. कृष्णन होते आणि गोव्यातल्या खाणींचा अभ्यास केलेल्या अर्थतज्ज्ञ लिजिया नरोन्हाही. याच नरोन्हा पुढे संयुक्त राष्ट्रांत सहाय्यक महासचिव झाल्या. खुद्द माधवरावांचे वडील धनंजयराव हे पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. अर्थशास्त्र आणि जंगल एका घरात नांदू शकतात, याचा आणखी कुठला दाखला हवा?

मात्र या कामाला धीर लागतो. समितीने अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये दिला. त्यावर वादळ उठलं, मग कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट नेमला गेला आणि त्याने घाटाचं सुमारे 37 टक्के क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवायला सुचवलं. 2014 पासून अधिसूचनेचे मसुदेच निघत राहिले. सहावा निघाला जुलै 2024 मध्ये. आपण दिलेला सल्ला वर्षानुवर्षं फाईलमध्ये पडून राहिलेला पाहायची तयारी असेल, त्यानेच या वाटेला यावं.

आता शिक्षणाचं. 'पर्यावरणशास्त्र' असं नाव असलेली पहिली दिसेल ती पदवी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एक विषय मुळापासून शिका: अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, जीवशास्त्र, स्थापत्य, कायदा, कुठलाही. दुसऱ्याच्या विषयाची भाषा नंतर शिकता येते. स्वतःचाच विषय कच्चा राहिला तर चर्चेत तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. अर्थशास्त्राकडे जायचं असेल तर अकरावीत गणित सोडू नका. ही एक चूक पुढे फार महागात पडते. पुण्यात गोखले संस्था आहे, मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. वीज आणि ऊर्जेच्या धोरणावर पुण्यातली 'प्रयास', पाणलोटावर 'वॉटर', परिसंस्थांवर बंगळुरूची 'अत्री' काम करते. सरकारी वाट हवी असेल तर अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन लोकसेवा आयोगाची भारतीय अर्थसेवेची परीक्षा देता येते.

पैशाचं लपवत नाही. संशोधन संस्थांतल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या, करारावरच्या असतात. प्रकल्प संपला की पुढचा शोधायचा. सुरुवातीची काही वर्षं शेजारचा सॉफ्टवेअरवाला मुलगा जास्त कमावेल. पालकांनी हे आजच मोकळेपणाने बोलून घ्यावं. कर्ज काढून शिकवणार असाल तर नक्कीच. पण आकडेवारी नीट हाताळणारा आणि चिखलात उतरून गावकऱ्यांशी मराठीत बोलू शकणारा उमेदवार क्वचित मिळतो, हेही मी पाहिलं आहे. सिंधुदुर्गातल्या ग्रामसभांनी आपली गावं संवेदनशील जाहीर करा, असे ठराव गाडगीळ समितीकडे पाठवले होते. असे ठराव वाचून, त्यामागची माणसं समजून घेणारी मुलं या कामाला हवी आहेत.

मुलीला या सुट्टीत एखाद्या ग्रामसभेला नेऊन बसवा. बाबांनीही सोबत बसावं. प्रवेशाचा अर्ज त्यानंतर भरा.