ब्लोअरचा वेग वाढवण्याआधी

चि. मुक्ता,


तुमच्याकडे हवेने प्लास्टिकचा दाणा सायलोपर्यंत नेणारी लाइन सारखी चोकअप होते आणि दर वेळी ब्लोअरचा वेग वाढवून वेळ मारून नेतात, हे वाचून राहवलं नाही. बाळा, हा उपाय नव्हे. नुसत्या हवेपुरतं पाहिलं तरी वेग 20 टक्क्यांनी वाढला की वीज जवळजवळ पावणेदोन पट लागते. शिवाय पॉलिथिनचा दाणा भरवेगात पाइपला घासला की तापतो, त्याचा पातळ पापुद्रा भिंतीला चिकटतो आणि पुढे केसांसारखा लांब धागा होऊन सुटतो. सायलोवरच्या फिल्टरपाशी असे गुंते सापडतात का, ते आधी बघ. सापडले तर वेग आताच जास्त आहे असं समज.

मग तुंबतं कशामुळे? लाइनभर वेग सारखा नसतो. सुरुवातीला गेजवर अर्धा बार दाब असेल, तर सायलोपर्यंत तीच हवा फुगून दीडपट होते. दाणा पडतो तिथे सेकंदाला 18 मीटर वेग असला, तर शेवटी 27. तुंबण्याची भीती आरंभी, घासण्याची शेवटी. म्हणूनच लांब लाइनचा पुढचा टप्पा मोठ्या व्यासाचा करतात.

माझा संशय हॉपरमधून लाइनीत दाणा सोडणाऱ्या रोटरी व्हॉल्व्हवर आहे. पात्यांची टोकं झिजली की हवा लाइनीत जायची सोडून वर हॉपरमध्ये पळते. खाली येणारा दाणा अडखळतो, आणि नेमकी आरंभीच हवा कमी पडते. अशात ब्लोअर वाढवला की दाब चढतो, दाबाबरोबर गळतीही वाढते. धाग्यांनी फिल्टर भरला की दाब आणखी चढतो. मशीन बंद करून, कुलूप लावून, फीलर गेजने पात्यांची टोकं आणि व्हॉल्व्हची भिंत यांतली फट मोज आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. चालू व्हॉल्व्हमध्ये हात घालायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

व्हॉल्व्हनंतर लगेच बेंड आहे का, तेही पाहा. दाण्याला वेग घ्यायला काही मीटर सरळ पाइप लागतो. जागा वाचवायला टाकलेला तिरका पाइप असेल, तर तो आडवा-उभा करून घे; तिरक्या पाइपात दाणा मागे घसरतो.

रिकाम्या आणि भरल्या लाइनीचा दाब, मोटरचे अँपिअर आणि पाइपचा आतला व्यास मला कळव. मग फट बुजवल्यावर वेग किती खाली आणता येईल, त्याचा हिशेब मांडू.

तुझा
मामा