शेळीच्या रंगावरून आनुवंशिकतेचा पाठ

(इयत्ता सहावी व सातवी : सामान्य विज्ञान)



आपल्या शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या दारात शेळी बांधलेली असते. करडू जन्मले की प्रथम त्याचा रंग पाहिला जातो. शेळी तांबूस, बोकडही तांबूस आणि करडू मात्र काळेभोर निघाले, की कुजबुज सुरू होते. राखणदाराने करडू बदलले असावे, असा संशयही क्वचित घेतला जातो. ज्याच्यावर हा संशय येतो तो बहुधा गरीब असतो व आपली बाजू मांडण्यास त्याच्यापाशी साधन नसते. या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने दिलेले आहे. ते मुलांच्या हाती द्यावे, हा या पाठाचा उद्देश होय.

१. परिसरातील उदाहरण

जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले असले, तरी येथील शेळीची जात देशभर 'उस्मानाबादी' याच नावाने ओळखली जाते. पूर्वीच्या जिल्ह्यातील लातूर, तुळजापूर व उदगीर हे तालुके तिचे मूळ क्षेत्र मानले जातात. यांपैकी लातूर व उदगीर १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात गेले. या जातीतील बहुतेक शेळ्या काळ्या असून उरलेल्या पांढऱ्या, तपकिरी वा ठिपकेदार आढळतात. शेजारच्या देवणी गाईत तर रंगाच्या ठेवणीवरूनच प्रकार पाडलेले आहेत : सर्वांगी पांढरी ती बालंक्या, काळसर तोंडाची ती वान्नेरा व अंगावर काळे ठिपके असलेली ती शेवेरा. पाठाच्या आरंभी मुलांकडून आपापल्या घरच्या जनावरांचे रंग सांगवून घ्यावेत व फळ्यावर लिहावेत.

२. विषयविवेचन

ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८६६ साली प्रसिद्ध केले. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाटाण्यांचा संकर केला असता पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले मिळाले. म्हणजे प्रमाण सुमारे तीनास एक. सुरकुतीचा गुण मधल्या पिढीत नष्ट झाला नव्हता, केवळ झाकला गेला होता.

प्रत्येक गुणासाठी जीवाजवळ घटकांची जोडी असते. एक घटक आईकडून येतो व एक बापाकडून. एकटा असतानाही जो दिसून येतो तो प्रभावी. जोडीतील दोन्ही घटक सारखे असतील तेव्हाच जो दिसतो तो अप्रभावी. शेळीच्या रंगाशी संबंधित अशा एका जनुकाचे नाव 'अगूटी' आहे. त्यात पांढरा वा तांबूस रंग देणारा घटक प्रभावी व काळा रंग देणारा घटक अप्रभावी असतो. मात्र काळा रंग दुसऱ्या एका जनुकामुळेही येऊ शकतो व ठिपक्यांचे जनुक निराळेच असतात. म्हणून प्रत्येक काळी शेळी एकाच कारणाने काळी आहे, असे मुलांना सांगू नये.

३. प्रयोग

साहित्य : सारख्या आकाराचे वीस चिंचोके, थोडा चुना, दोन कापडी पिशव्या.

दहा चिंचोक्यांना चुना लावून ते वाळवावेत. प्रत्येक पिशवीत पाच चुन्याचे व पाच साधे चिंचोके घालावेत. एक पिशवी शेळीची, दुसरी बोकडाची. चुन्याचा चिंचोका हा तांबूस रंगाचा प्रभावी घटक व साधा चिंचोका हा काळ्या रंगाचा अप्रभावी घटक समजावा. म्हणजे आई व बाप दोघेही दिसावयास तांबूस, परंतु काळा घटक बाळगणारे आहेत. विद्यार्थ्याने न पाहता प्रत्येक पिशवीतून एकेक चिंचोका काढावा, जोडी नोंदवावी व चिंचोके परत टाकावेत. असे चाळीस वेळा करावे. दोन्ही साधे आले तरच करडू काळे.

काळी करडे दहाच्या आसपास निघतील. सात निघाली किंवा तेरा निघाली तरी आश्चर्य नाही. दहा ही सरासरी आहे, हुकूम नव्हे. अशा जोडप्याला जुळी झाली, तर दोन्ही काळी असण्याचा संभव सोळांत एक व दोन्ही तांबूस असण्याचा सोळांत नऊ, हे मोठ्या मुलांकडून गणिताने काढून घ्यावे.

यावरून मुख्य निष्कर्ष स्पष्ट होतो. तांबूस आईबापांच्या पोटी काळे करडू येणे हा निसर्गाचा नियमच आहे. एवढ्यावरून कोणासही चोर ठरविता येत नाही.

४. व्यवहारातील उपयोग

रंग झाकून राहतो तसे दोषही झाकून राहतात. एकच बोकड वर्षानुवर्षे ठेवून तो त्याच्याच लेकींना लागू दिला, तर दोन्हीकडील समान लपलेले दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो व करडे अशक्त निपजतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी बोकड बदलावा. दुसरी गोष्ट अशी, की कळपातील धष्टपुष्ट बोकड चांगली किंमत येते म्हणून आधी विकला जातो व उरलेल्या दुबळ्याकडून पैदास होते. असे पिढ्यान्‌पिढ्या घडले, तर जात खालावते. रंग पाहण्यापेक्षा जुळी देणाऱ्या, दुधाळ शेळीचा सुदृढ बोकड राखावा, हे मुलांनी घरी सांगावे.

५. एक सावधानता

हा पाठ चालू असता मुले एकमेकांच्या वर्णाकडे बोट दाखवतील. शिक्षकाने ते तत्काळ थांबवावे. माणसाचा वर्ण अनेक जनुकांवर व उन्हावरही अवलंबून असतो. त्यावरून कोणाच्या आईविषयी वा घराण्याविषयी काही ठरविणे अज्ञानाचे व अन्यायाचे आहे. याच ओघात हेही सांगावे, की मूल मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. मुलीच झाल्या म्हणून आईला दूषण देण्यास विज्ञानात आधार नाही. वर्गातील एखादी मुलगी हे वाक्य घरी जाऊन आईला सांगेल. तेवढ्याने हा तास सार्थकी लागला असे समजावे.

गृहपाठ : घरच्या अथवा शेजारच्या एका शेळीची, बोकडाची व त्यांच्या करडांची रंगनोंद करून आणावी.