मत्स्यतळ्यांत कोळंबीचें जोडपीक: दोहोंचा एकत्र सांभाळ

ज्या शेतकरी बंधूंनीं शेततळ्यांत रोहू-कटल्याचें पालन चालविलें आहे, त्यांच्यापुढें त्याच पाण्यांत कोळंबीचें जोडपीक घेतां येईल कीं काय, हा प्रश्न सहजच उभा राहतो. तें घेतां येतें. परंतु मासा हा कोळंबीचा शेजारी असतो तसाच प्रसंगीं भक्षकहि असतो. काचेच्या पेटींत हौसेनें झिंगे पाळणाऱ्यास जी दक्षता घ्यावी लागते, तीच तळ्यांत मोठ्या प्रमाणावर घ्यावी लागते. पेटींतील चुकीनें चार जीव जातात. तळ्यांतील चुकीनें हंगामाचें भांडवल जातें.

कोळंबीचा स्वभाव.— गोड्या पाण्यांत पाळण्यास योग्य ती मोठी कोळंबी. व्यापारांत तिला 'स्कँपी' म्हणतात. ती तळाशीं राहते, दिवसां आडोशास दडते व रात्रीं चरावयास निघते. तिचें कवच शरीराबरोबर वाढत नाहीं. म्हणून वाढीच्या काळांत तिला जुनें कवच वारंवार टाकावें लागतें. नवें कवच घट्ट होईपर्यंत ती मऊ व दुबळी असते. माशांच्या, तशीच स्वजातीयांच्याहि, तोंडीं ती पडते ती बहुधा याच वेळीं. एकत्र पालनाचे पुष्कळसे नियम या एका गोष्टींतून निघतात.

तिच्या अंड्यांतून निघालेले जीव निव्वळ गोड्या पाण्यांत जगत नाहींत. त्यांस मचूळ पाणी लागतें. ही गोष्ट डॉ. शाओ-वेन लिंग यांनीं १९६१ च्या सुमारास मलायांत पिनांग येथें शोधून काढली व तेव्हांपासून कृत्रिम रीतीनें बीज तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला. अर्थात् तळ्यांत कोळंबीची संख्या आपोआप वाढत नाहीं. बीज दर हंगामीं विकत आणावें लागतें. म्हणून मेलेलें प्रत्येक पिलूं म्हणजे गांठीचा पैसा गेला असें समजावें.

सोबतीची निवड.— मरळ, शिवडा, शिंगाळा, वाम हे मांसाहारी मासे तळ्यांत एकहि राहतां कामा नये. मृगळ व सायप्रिनस हे शिकारी नव्हेत. परंतु ते तळाशीं चरतात व कोळंबीच्या घांसांत वाटेकरी होतात, म्हणून तेहि वगळावे. कटला व चंदेरा वरच्या थरांत, तर रोहू मधल्या थरांत चरतो. हेच उत्तम सोबती होत. गवत्या मासा मोजकाच ठेवावा; तो पाणवनस्पति फस्त करून कोळंबीचा आडोसा नाहींसा करतो.

तळ्याची तयारी.— शक्य तर तळें आटवून तळ उन्हांत तापूं द्यावा. आटणें शक्य नसल्यास, पाणी १ मीटर खोल असतां, गुंठ्यामागें २५ किलो मोहाची पेंड भिजवून सर्वत्र टाकावी. तींतील सॅपोनिन नांवाच्या द्रव्यानें नको असलेले मासे मरतात. तिचा विषारीपणा सुमारें तीन आठवडे टिकतो व पुढें तिचेंच खत होतें. तोंवर बीज सोडूं नये. पाणी आंत येण्याच्या वाटेवर बारीक जाळी बसवावी. आडोशासाठीं नारळाच्या झावळ्या, कौलें, जुन्या नळांचे तुकडे तळाशीं ठेवावे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचा तळ गुळगुळीत असतो. तेथें आडोशाची गरज अधिकच. मात्र कागद फाटेल अशी टोकदार वस्तु घालूं नये.

सोडण्याची रीत.— कोळंबी आधीं, मासे मागून, हा क्रम ध्यानांत ठेवावा. बीज प्रथम महिना-दीड महिना निराळ्या लहान तळ्यांत वाढवावें, मग मुख्य तळ्यांत सोडावें, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीं माशांचीं बोटुकलीं सोडावीं. नवशिक्यानें गुंठ्यामागें १०० कोळंबी व २५ मासे यांहून दाटी करूं नये. कोळंबीस २८ ते ३१ अंश सेल्सिअस उष्णतेचें पाणी मानवतें. थंडीनें वाढ खुंटते व पाणी १४ अंशांखालीं उतरल्यास ती मरते. म्हणून देशावर व विदर्भांत बीज सोडण्यास उशीर करूं नये.

खाद्य व पाणी.— माशांस सकाळीं व कोळंबीस सूर्यास्तानंतर खाद्य द्यावें. कोळंबीचें खाद्य बुडणारें असावें. तें तबकांत ठेवून तळाशीं सोडावें, म्हणजे किती उरलें तें पाहून दुसऱ्या दिवशींचें प्रमाण ठरवितां येतें. उरलेलें खाद्य कुजून पाण्यांतील प्राणवायु घटवितें. पहाटे कोळंबी काठाशीं गोळा झालेली दिसली तर प्राणवायु कमी पडला असें जाणावें; त्या दिवशीं खाद्य बंद ठेवून ताजें पाणी सोडावें.

औषधांविषयीं सावधगिरी.— सर्वांत मोठा घात येथेंच होतो. कोळंबी ही कीटकांप्रमाणेंच संधिपाद प्राणी होय. सबब जें औषध किडीस मारतें तें तिलाहि मारतें. माशांच्या अंगावरील उवांसाठीं कीटकनाशक टाकल्यास मासे निभावतात, पण कोळंबी समूळ नाहींशी होते. मोरचूदहि तिला तसाच घातक. उवा कठीण पृष्ठभागावर अंडीं घालतात. म्हणून तळ्यांत बांबू किंवा फळ्या उभ्या कराव्या व दर आठवड्यास काढून कडक उन्हांत वाळवाव्या. शेतांतील फवारणीचा पंप तळ्यांत धुऊं नये व फवारलेल्या वावराचें ओघळणारें पाणी बांध घालून बाहेर वळवावें.

काढणी.— सर्व कोळंबी सारखी वाढत नाहीं. लांब निळ्या नांग्यांचे मोठे नर दिसूं लागले कीं ते निवडून काढावे. त्यांच्या धाकानें मागें पडलेल्या इतरांस मग वाढीस अवसर मिळतो. योग्य सोबती, पुरेसा आडोसा व विषापासून राखलेलें पाणी, या तीन गोष्टी ज्यानें सांभाळल्या, त्याच्या तळ्यांत दोन्ही पिकें सुखानें नांदतील.