निळा घोडा दरवाज्याबाहेर

युरोपात इटली नावाचा देश आहे. त्या देशात समुद्रकाठी त्रिएस्ते नावाचे शहर आहे. तेथे वेड्यांचे एक मोठे इस्पितळ होते. म्हणायचे इस्पितळ. भोवती भिंत आणि दाराला कुलूप. १९७१ साली तेथे सुमारे १,२०० माणसे कोंडलेली होती. कित्येकांची सारी उमर तेथेच सरली होती.

त्या साली तेथे नवे डॉक्टर आले. त्यांचे नाव फ्रांको बझालिया. त्यांनी पाहिले, की माणसाला आजार एक असतो आणि कोंडून ठेवल्याने दुसरा जडतो. वर्षानुवर्षे कोणी नावाने हाक मारली नाही, हातात पैसा नाही, कामाला दाम नाही, तर शहाण्या माणसाचेही डोके ठिकाणावर राहील का? मग पहिला आजार कोणता आणि दुसरा कोणता, हे कळायचे कसे?

डॉक्टरांनी कुलपे काढली. रोग्यांना सभेत बोलायला लावले. इस्पितळात झाडलोट आणि इतर कामे रोगीच करीत. त्यांना मजुरी मिळत नसे. त्या रोग्यांची एक सहकारी संस्था निघाली. तेच काम, पण आता रीतसर पगार. सहकारी संस्था म्हणजे काय, हे आपल्याकडे ऊस आणि दूध घालणाऱ्यांना सांगायला नको.

आता घोड्याची गोष्ट. इस्पितळात कपड्यांची गाडी ओढणारा एक घोडा होता. त्याचे नाव मार्को. तो म्हातारा झाला, तेव्हा त्याला खाटकाकडे धाडायचे ठरले. रोग्यांना वाईट वाटले. त्यांनी घोड्याच्या नावाने अर्ज केला : 'मी इतकी वर्षे राबलो, मला मारू नका.' घोडा वाचला. पुढे १९७३ साली रोग्यांनी आणि कलावंतांनी मिळून लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा एक भला थोरला निळा घोडा केला. पोटात रोग्यांच्या मनातल्या इच्छा ठेवल्या. मग घोडा गावात मिरवायला न्यायचा ठरला. पण तो इतका उंच झाला होता, की दरवाज्यातून जाईना! शेवटी दरवाजा मोडला. घोडा बाहेर पडला, आणि त्याच्यामागून रोगीही रस्त्यावर आले.

१९७८ साली इटलीच्या सरकारने कायदा केला. वेड्यांची नवी इस्पितळे बांधायची नाहीत, जुनी हळूहळू बंद करायची. त्रिएस्ते शहरात पेठेपेठेत दवाखाने निघाले. ते दिवसरात्र उघडे. काही माणसे घरी गेली. काही चार-पाच जण मिळून भाड्याच्या घरात राहू लागली. मात्र खरे तेही सांगितले पाहिजे. इटलीत काही ठिकाणी इस्पितळ बंद झाले, पण दवाखाना काही उघडला नाही. मग सारा भार घरच्यांवर पडला, आणि घरातही बहुतेक बाईमाणसावर. नुसते कुलूप काढून भागत नाही.

हे झाले परमुलखाचे. आपल्या देशात तमिळनाडूत एरवाडी नावाचे गाव आहे. तेथे खासगी आश्रमात रोग्यांना साखळीने बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. पायात साखळी. पळणार कसे? २८ जण गेले. त्यांना तेथे कोणी सोडले होते? त्यांच्याच घरच्यांनी. सगळेच दुष्ट नव्हते. कोणी दमले होते, कोणाला दुसरी वाट ठाऊक नव्हती.

आता वाट आहे. २०१७ साली आपल्या देशात मानसिक आरोग्याचा कायदा झाला. रोग्याला साखळदंड घालायला त्यात साफ बंदी आहे. शिवाय त्यात एक फार मोलाची गोष्ट आहे. घरचे नेत नाहीत, किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवता येत नाही. त्याला चारचौघांत राहण्याचा हक्क आहे. घरच्यांजवळ राहणे जमत नसेल, तर सरकारने त्याला मदत द्यायची, राहण्याची सोय करायची. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. तेथून बरे होऊन येणाऱ्या माणसालाही हाच कायदा लागू आहे.

गावात कोणी म्हणेल, "अहो, पण पुन्हा बिघडला तर?"

बिघडू शकतो. दम्याचा रोगीही पुन्हा आजारी पडतो. त्याला आपण गावाबाहेर काढतो का? गोळ्या वेळेवर द्याव्या. बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात या आजाराचे उपचार मिळतात. अडचण पडली तर १४४१६ या नंबरावर फोन करावा. पैसे पडत नाहीत. आणि त्याला 'वेडा' म्हणू नये. आईबापांनी ठेवलेले नाव आहे ना!

दुसरा कोणी आडून बोलेल, "त्याच्या हिश्श्याचं काय करायचं?" खरे दुखणे पुष्कळदा येथेच असते. भाऊ इस्पितळात, आणि सातबाऱ्यावरून त्याचे नाव गायब! आजारी आहे म्हणून वारसाहक्क जात नाही. हे १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्यातच लिहिलेले आहे. २०१६ सालच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानेही जमीन आणि घर यांवर त्याचा इतरांसारखाच हक्क मानला आहे. तेव्हा सातबारा काढून वाचावा. रेशनकार्डावर त्याचे नाव आहे का, तेही पाहावे.

नाव काढलेले आढळले, किंवा घरात घेत नसले, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे जावे. अशा माणसाला तेथे वकील फुकट मिळतो. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितले तरी चालते. पण तुम्हाला तर आता लिहिता येते. अर्ज लिहूनच द्या, खाली तारीख घाला, आणि एक प्रत सही-शिक्का घेऊन स्वतःजवळ ठेवा.