गोळ्यांचा हिशेब : मधुमेह, औषधातलं सातत्य आणि शेकडेवारी



शेकडेवारी शिकवताना आपण नफा-तोटा आणि व्याज हीच उदाहरणं घेतो. आज घरातल्या औषधाच्या डब्यातलं एक उदाहरण घेऊया. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे हा डबा मुलांना अनोळखी नाही.

उदाहरण : एका आजोबांना रोज एक गोळी घ्यायची आहे. १८० दिवसांत त्यांनी १५ गोळ्यांच्या ८ स्ट्रिप आणल्या. सातत्य किती टक्के?

एकूण गोळ्या : १५ × ८ = १२०
सातत्य : १२० ÷ १८० × १०० = सुमारे ६७ टक्के

संशोधक साधारणपणे ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 'सातत्य चांगलं' असं धरतात. १८० दिवसांचे ८० टक्के म्हणजे १४४ गोळ्या. आजोबांना २४ कमी पडल्या. मात्र ८० टक्के ही मोजण्याची सोय आहे, महिन्याला सहा दिवस सुट्टी घेण्याची परवानगी नव्हे, हे मुलांना जरूर सांगा.

आता वर्गात विचारा, "१२० गोळ्या आणल्या म्हणजे १२० घेतल्या का?" हुशार मुलं लगेच म्हणतील, "नाही सर, डब्यात उरल्या असतील!" बरोबर. म्हणून उरलेल्या गोळ्याही मोजतात. शिवाय एचबीए१सी ही रक्ततपासणी असते. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटते. त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड बंद करून ती फसत नाही.

औषध का सुटतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. तेव्हा हा फक्त आळशीपणा नाही. कारणं अशी :

१. काही दुखत नाही, मग गोळी कशाला?
२. साखर नॉर्मल आली की "झालं बरं" असं वाटतं. खरं तर अनेकदा ती गोळीमुळेच नॉर्मल आलेली असते.
३. खर्च.
४. मेटफॉर्मिनने काहींचं पोट बिघडतं. ते डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा वेळ बदलता येते, पण लोक न सांगताच गोळी सोडतात.
५. उपास, लग्न, गावाला जाणं.

उपासाचं मात्र नीट समजून घ्या. काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर फार खाली जाऊ शकते. म्हणून उपासाआधी डॉक्टरांना विचारायचं. चुकलेली गोळी भरून काढायला एकदम दोन घ्यायच्या नाहीत.

एवढ्या हिशेबाने फरक पडतो का? पडतो. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९८ साली आला. साधारण दहा वर्षांत कडक उपचारांच्या गटाचं एचबीए१सी ७.० टक्के आणि दुसऱ्या गटाचं ७.९ टक्के होतं. एवढ्याशा फरकाने डोळे, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांचे आजार पाव हिश्श्याने कमी झाले.

शिक्षकांसाठी : आकडे काल्पनिकच घ्या, कुणाच्या घरचं औषध वर्गात विचारू नका. टाईप १ मधुमेह असलेल्या मुलाचं इन्सुलिन एक दिवसही बंद ठेवता येत नाही. वर्गात असं मूल असेल तर त्याला तपासायला, टोचून घ्यायला आणि मधेच खायला मोकळीक द्या.

स्वाध्याय
१. आजींना रोज दोन गोळ्या आहेत. ९० दिवसांत त्यांनी १५३ घेतल्या. सातत्य किती टक्के? (उत्तर : ८५)
२. त्या २७ गोळ्या अधूनमधून चुकणं आणि सलग दोन आठवडे औषध बंद असणं, यांची टक्केवारी जवळपास सारखीच येते. मग दोन्ही गोष्टी सारख्याच का? चर्चा करा.